खर्जासाठी जागा : प्रस्तावना

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात ९ सप्टेंबर २००६ रोजी शर्मरहॉर्न सिम्फनी सेंटर हे नवं सभागृह सुरू झालं. त्या उद्‌घाटनासाठी नॅशव्हिल सिम्फनीने एक नवा कॉन्चेर्टो मुद्दाम करवून घेतला होता. त्याचे एकलवादक तीन आणि रचनाकारही तेच तिघे : बँजोवर बेला फ्लेक, तबल्यावर झाकिर हुसेन आणि डबल बासवर एडगर मेयर. संचालन लिओनार्ड स्लॅटकिन यांचं होतं. ‘द मेलडी ऑफ रिदम’ या नावाने ही रचना पुढे ओळखली जाऊ लागली. २००९मध्ये डेट्रॉइट सिम्फनीबरोबर केलेलं तिचं ध्वनिमुद्रणही निघालं.

सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पुढ्यात तबला मांडलेला पाहिला की आपल्याकडच्या श्रोत्याचं लक्ष आधी तिकडे जाणार, हे ओघानेच आलं. बँजोही त्या मंचावर नवखाच. पण या दोघांना पुढे बसवणं तसं सोपं होतं. बाहेरून आलेल्याला मानाची जागा मिळते. तिसरं वाद्य मात्र त्याच वाद्यवृंदातलं, शतकानुशतकं त्याच मंचावर उभं असलेलं. पंक्तीत वाढणारा जसा स्वतः पानावर बसायचा राहून जातो, तसा डबल बास सगळ्यांना आधाराचा सूर पुरवत राहिला. त्याच्यासाठी पान मांडायचं क्वचितच कुणाला सुचलं.

असं ज्यांना सुचलं, त्यांच्याबद्दलचं हे पुस्तक आहे. डबल बास पुढे ठेवून लिहिलेले कॉन्चेर्टो, ते लिहिणारे, ते वाजवणारे आणि अशी एखादी नवी रचना मैफलीत समोर आली तर ती ऐकावी कशी, हा त्याचा विषय. तपशील पुढच्या प्रकरणांत येतीलच. इथे मला एकच मुद्दा मांडायचा आहे. डबल बाससाठी कॉन्चेर्टो लिहायला बसलेल्या प्रत्येकापुढे एक पेच असतो : इतका खालचा आवाज पुढे आणायचा कसा? यावर आजवर दोन तऱ्हेची उत्तरं निघाली. एक, वाद्याला वर चढवायचं. चेलोच्या, व्हायोलिनच्या सप्तकांत नेऊन तिथे गाऊ द्यायचं. दुसरं, त्याला खर्जातच ठेवून बाकीच्यांना बाजूला सरकवायचं. पहिल्या उत्तराला टाळ्या लवकर मिळतात. दुसरं अवघड आहे, आणि माझ्या मते नव्या रचनेची कसोटी तिथेच लागते.

पेच किती खोल आहे हे कळायला वाद्याची मापं पाहावीत. व्हायोलिनच्या तारेचा वाजता भाग साधारण ३३ सेंटिमीटर असतो, चेलोचा ७०च्या आसपास, तर डबल बासचा सुमारे १०५. वाद्य उभं केलं की माणसाएवढं, सहा फुटांच्या घरात. व्हायोलिन आणि चेलोच्या तारा सा-प या अंतराने लावतात. डबल बासच्या सा-म या अंतराने. तार इतकी लांब की एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत बोटं पोहोचायलाच कष्ट पडतात. अंतर कमी ठेवलं तर हात थोडा कमी धावतो. सर्वांत खालची ई तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. काही वाद्यांना पाचवी तार असते, काहींच्या खालच्या तारेला वरून एक जोडपट्टी लावून ती लांबवलेली असते. मग वाद्य ३३ कंपनांपर्यंत उतरतं.

इतका खालचा स्वर पूर्ण ताकदीने बाहेर फेकायचा, तर वाद्याचं पोट आहे त्याहून कितीतरी मोठं हवं. तसं वाद्य कुणाला वाजवता येणार नाही. म्हणून आजचा डबल बास ही एक तडजोड आहे. खालच्या तारेवर गज फिरला की मूळ कंपन दुबळं निघतं. त्याच्या दुपटी-तिपटीची कंपनं जोरात निघतात आणि त्यांवरून आपला कान मूळ स्वर जुळवून घेतो. त्यात माणसाचा कान सर्वांत तल्लख असतो तो दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात. चाळीस-पन्नासाला तो मंदच. आठ डबल बास एकत्र वाजले तर सभागृह भरून जातं, पण एकटा वाजत असताना वर वीस व्हायोलिनं सुरू झाली की तो हरवतो. खाली उतरावं तसे जवळजवळचे स्वर एकमेकांत मिसळून गढूळही होतात. भरीला जाड तार बोलायला वेळ घेते. गज टेकला आणि स्वर निघाला, यांत जो क्षण जातो तो वादकाला आधीच धरून चालावा लागतो.

आपल्या कानांना खर्जाचं मोल सांगावं लागत नाही. खर्जाचा रियाज, तानपुऱ्याची शेवटची तार, बीनकाराचा मंद्रातला आलाप, हे सगळं ओळखीचं आहे. पण बीनकार तासभर मंद्रात रमू शकतो, कारण त्याच्या मागे साठ-सत्तर वादक बसलेले नसतात. कॉन्चेर्टोत ते बसलेले असतात आणि त्यांनाही वाजवायचं असतं. एकाने गाजवायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं, हा त्या प्रकाराचा गाभाच आहे. डबल बास पुढे आला की हा गाभाच अडचणीचा ठरतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना आणि तिच्या आसपासच्या दरबारांत या पेचावर पहिलं मोठं उत्तर सापडलं. तिथल्या वाद्याला पाच तारा असत आणि त्या एफ, ए, डी, एफ शार्प, ए अशा लावत. वरच्या तारांतच डी मेजरचा स्वरसमूह तयार मिळे. गळ्याला आतड्याच्या तारेचे पडदे बांधलेले असल्याने स्वर स्वच्छ लागे. अशा वाद्यावर झरझर स्वरमालिका आणि दोन-दोन तारांवरचे जोडस्वर हाताशी आले. डिटर्सडॉर्फ, वानहाल, हॉफमाइस्टर यांनी कॉन्चेर्टो लिहिले. योहान मथियास श्पेर्गर (१७५०–१८१२) हा स्वतः बासवादक. त्याने एकट्याने अठरा लिहिले. हायडनने १७६१मध्ये ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या सहाव्या, सातव्या, आठव्या सिम्फनीत बासला छोट्या एकल जागा दिल्या. त्याने एक अख्खा कॉन्चेर्टोही लिहिला होता. त्याच्या स्वतःच्या यादीत टिपलेली सुरुवात तेवढी उरली, बाकी रचना हरवली. मोझार्टने १७९१मध्ये खालच्या आवाजाचा गायक आणि डबल बास यांना जोडीने बसवून एक अरिया रचली. डिटर्सडॉर्फने तर व्हायोला आणि डबल बास अशा दोन एकलवादकांसाठी वाद्यवृंदासह रचना केली. वाद्यवृंदात मागे राहणारी दोन वाद्यं एकत्र पुढे आली, असं हे जुनं उदाहरण.

या साऱ्या साहित्याचं पुढे काय झालं, हे नव्या रचना करवून घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारा लावण्याची ती व्हिएन्नाची पद्धत मागे पडली. वाद्यवृंद मोठे झाले, जोरदार तळ हवा झाला, पडदे गेले. नव्या तारांवर जुने जोडस्वर हाताला येईनात. रचना कागदावर राहिल्या आणि मैफलीतून नाहीशा झाल्या. विसाव्या शतकात संशोधक-वादकांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या आणि आज वानहाल किंवा डिटर्सडॉर्फचा कॉन्चेर्टो वाद्यवृंदाच्या नोकरीच्या चाचणीत हमखास वाजवून घेतात. म्हणजे ज्या रचना दीडशे वर्षं कुणाला नको होत्या, त्यांच्यावर आज वादकांच्या नेमणुका ठरतात.

पुढची पायरी दोन इटालियनांची. व्हेनिसचा डोमेनिको ड्रागोनेत्ती (१७६३–१८४६) हा तीन तारांच्या बासवर चेलोचं साहित्य वाजवणारा अचाट माणूस. १७९९मध्ये व्हिएन्नात तो बेथोव्हेनला भेटला आणि त्याच्याबरोबर त्याचा चेलो सोनाटा डबल बासवर वाजवला. या वाद्यात काय दडलं आहे, हे बेथोव्हेनने त्या दिवशी समोर बसून ऐकलं. १८२४च्या नवव्या सिम्फनीत शेवटच्या भागाच्या आरंभी चेलो आणि बास गायकासारखे बोलू लागतात. तिथे खालच्या तारा शब्दांवाचून वाद घालतात. मात्र तो मान साऱ्या ओळीचा आहे, एकट्या वादकाचा नाही.

एकट्याचा मान मिळवला तो ज्योव्हान्नी बोत्तेसिनीने (१८२१–१८८९). मिलानच्या संगीतशाळेत फी माफ होऊन शिकायला दोनच जागा रिकाम्या होत्या, बसूनची आणि डबल बासची. व्हायोलिन शिकलेल्या या मुलाने बास निवडला. पुढे कार्लो अँतोनिओ तेस्तोरेने १७१६मध्ये बनवलेला बास घेऊन तो युरोप-अमेरिका फिरला आणि ‘डबल बासचा पागानिनी’ म्हणवला गेला. ऑपेराचं संचालन करता करता मध्यंतरात बास घेऊन यायचं आणि त्याच ऑपेराच्या चालींवर स्वतःची फँटसी वाजवायची, ही त्याची ख्याती. २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत व्हेर्दीच्या ‘आयदा’चा पहिला प्रयोग झाला, तो त्याच्याच संचालनाखाली.

बोत्तेसिनीचं उत्तर सरळ होतं : वर चढा. त्याने तीन बारीक तारा नेहमीपेक्षा उंच लावल्या, अंगठा तारेवर ठेवून घोडीच्या जवळ बोटं नेली आणि तारेला नुसता स्पर्श करून निघणाऱ्या बासरीसारख्या हार्मोनिक स्वरांत अख्ख्या चाली गायल्या. एकल वादनासाठी सगळ्या तारा एक स्वर चढवून लावायची प्रथा आजही आहे. म्हणून त्याचा दुसरा कॉन्चेर्टो कुठे ए मायनरमध्ये छापलेला सापडतो, कुठे बी मायनरमध्ये. त्याचं संगीत ऐकताना डोळे मिटले तर कधी चेलो वाटतो, कधी व्हायोलिन. यात कौशल्य अफाट आहे. तरी मनात एक शंका राहते : बासला पुढे यायला मिळालं, पण बास असणं बाहेर ठेवून.

या शंकेचं उत्तर बोत्तेसिनीपाशीच आहे, आणि ते त्याच्या दोन बासांसाठीच्या रचनांत आहे. ‘ग्रान दुओ कॉन्चेर्तान्ते’ आज बहुतेक ठिकाणी व्हायोलिन आणि डबल बासच्या जोडीत ऐकायला मिळतं. मुळात ते दोन डबल बासांसाठी होतं. दोन बास समोरासमोर आले की एकाला वर चढताना खालची जागा सोडून दिल्याची रुखरुख राहत नाही. एक हार्मोनिकमध्ये गात असतो तेव्हा दुसरा मंद्रात त्याला धरून असतो. मग भूमिका बदलतात. एक गजाने लांब सूर धरतो, दुसरा बोटांनी तार छेडून ठेका देतो. एकाच जातीची दोन वाद्यं असल्यामुळे कोण कुणाची साथ करतो आहे, हे ठरावीक राहत नाही. जुगलबंदीत कान असलेल्या आपल्या श्रोत्याला ही गंमत लगेच कळेल. दोन बासवादकांना एकलवादक करून नवा कॉन्चेर्टो लिहिणारा आजचा रचनाकार याच वाटेवर पाऊल टाकतो. वर चढणं आणि खाली राहणं यांतलं एक निवडायची सक्ती त्याच्यावर उरत नाही.

त्या दोघांच्या हातांकडेही पाहावं. एकाने गज चेलोवाल्यासारखा वरून धरलेला असेल, त्याला फ्रेंच पद्धत म्हणतात. दुसऱ्याने कदाचित तळहात बाजूला वळवून, मूठ खालून घालून धरलेला असेल, ती जर्मन पद्धत. दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी टिकून आहेत आणि त्यांचे पुरस्कर्ते अजून वाद घालतात. जर्मन पद्धतीत तारेवर वजन टाकणं सोपं जातं असं तिचे वादक सांगतात. फ्रेंच पद्धतीत मनगट मोकळं राहतं असं दुसऱ्या बाजूचे. जोडीत दोन्ही ऐकायला मिळाल्या तर स्वराच्या सुरुवातीकडे लक्ष द्यावं. फरक तिथे असतो.

विसाव्या शतकाच्या दाराशी उभा आहे सर्गेई कुसेवित्स्की (१८७४–१९५१). मॉस्कोत शिकायला पैसे नव्हते, बासच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळत होती, म्हणून तो बासकडे आला. बोत्तेसिनीचीच कथा दुसऱ्या देशात. १९०२मधला त्याचा कॉन्चेर्टो आजही बासवादकांच्या रोजच्या साहित्यात आहे. त्यात कसरत कमी आणि गाणं जास्त. पुढे बोस्टन सिम्फनीचा संचालक म्हणून १९२४ ते १९४९ त्याने जी कारकीर्द केली, तिने त्याचं बासवादन झाकून टाकलं.

बासवादक पुढे संचालक झाल्याचं तिसरं उदाहरण मुंबईचं आहे. झुबिन मेहता अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेले, तेव्हा संचालनाच्या जोडीला त्यांनी वाद्य घेतलं ते डबल बास. ऑगस्ट १९६९मध्ये लंडनला शूबर्टचा ‘ट्राउट’ पंचक वाजवला गेला, त्याचा ख्रिस्तोफर नूपेन यांनी केलेला चित्रपट प्रसिद्ध आहे. पियानोवर डॅनिएल बारेनबॉइम, व्हायोलिनवर इट्झाक पर्लमन, व्हायोलावर पिंकस झुकरमन, चेलोवर जॅकलिन दु प्रे आणि बासवर मेहता. त्या पंचकात बास वाजत असताना चेलोला खाली राहावं लागत नाही, हे शूबर्टने पुरेपूर वापरलं आहे. बास असल्यामुळे दुसरं वाद्य मोकळं होतं, याचा इतका चांगला धडा दुसरा नाही. बोत्तेसिनी, कुसेवित्स्की आणि मेहता हे तिघेही बासकडून संचालनाकडे गेले, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण मागे उभा राहणारा माणूस सगळा वाद्यवृंद पाठीकडून ऐकतो आणि त्याच्या स्वरावर बाकीचे आपला सूर लावतात. संचालकाला लागणारी सवय त्याला तिथेच लागते, असं मला वाटतं.

पुढच्या काळात कॉन्चेर्टो वाढले ते वादकांच्या हट्टामुळे. अमेरिकन गॅरी कार यांनी आयुष्यभर फक्त एकलवादक म्हणून जगायचं ठरवलं आणि रचनाकारांच्या मागे लागून रचना मिळवल्या. हान्स व्हेर्नर हेन्झेचा १९६६चा आणि गुंथर शुलरचा १९६८चा कॉन्चेर्टो कार यांच्यासाठी लिहिले गेले. बासवादकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही त्यांनीच १९६७मध्ये उभी केली. इटलीत फ्रांको पेत्राक्कींसाठी निनो रोटाने लिहिलं. चित्रपटसंगीतामुळे ज्याचं नाव आपल्याला माहीत असतं तोच हा रोटा. फिनलंडच्या राउतावाराने १९८०मध्ये ‘एंजल ऑफ डस्क’ लिहिला आणि त्याच्या मधल्या भागात बासला दीर्घ स्वगत दिलं. २००६मध्ये टोरंटोत जॉन हार्बिसनचा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजला. तो अनेक वाद्यवृंदांनी मिळून करवून घेतला होता, त्यामुळे गावोगावी वेगवेगळ्या वादकांनी तो लगोलग वाजवला. टान डुनने ‘वुल्फ टोटेम’मध्ये मंगोल गवताळ प्रदेशातले लांडगे आणि घोडे बासच्या घसटींतून उभे केले. याच काळात आतड्याच्या तारांची जागा पोलादी तारांनी घेतली, त्या लवकर आणि स्पष्ट बोलू लागल्या. त्याशिवाय यांतलं बरंच काही शक्य झालं नसतं.

एडगर मेयर या ओळीतला, पण वेगळा. १९६०मध्ये जन्मलेला हा वादक ब्लूग्रास, जॅझ आणि बाख यांत सारख्याच सहजतेने वावरतो. १९९३मध्ये त्याने स्वतःसाठी पहिला कॉन्चेर्टो लिहिला, १९९५मध्ये चेलो आणि बास यांच्यासाठी दुहेरी कॉन्चेर्टो. २००२मध्ये निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणात हे दोन्ही आहेत आणि शेजारीच बोत्तेसिनीचं ‘ग्रान दुओ’. दीडशे वर्षांचं अंतर एका बैठकीत ऐकायचं असेल तर याहून चांगली सोय नाही. दुहेरी कॉन्चेर्टोत यो-यो मा यांचा चेलो शेजारी असल्यामुळे मेयरला चेलोसारखं व्हायची गरजच पडत नाही, हे ऐकताना चटकन जाणवतं.

हीच गोष्ट नॅशव्हिलच्या त्या रचनेत आणखी पुढे जाते. तिथले तीन भाग तिघांनी मिळून बांधले. बँजोचा स्वर छेडला की लगेच विरतो. तबल्याचा बोलही क्षणाचा. तिघांत सूर लांबवू शकणारं वाद्य एकच, गज हातात असलेला डबल बास. ज्याला जन्मभर ठेका धरायला सांगितलं, तो इथे साहजिकच गाणारा ठरतो, आणि लय सांभाळायला दोन खंदे शेजारी असल्यामुळे त्याला ते ओझं वाहावं लागत नाही. खालच्या सप्तकात त्याला सोबतीही आहे : झाकिरभाईंचा डग्गा. तळहाताच्या दाबाने डग्ग्याचा घुमारा जसा वर सरकतो, तशी बासच्या तारेवर बोट सरकवून मींड घेता येते. दोन वेगळ्या जगांतले खर्ज एकमेकांना ओळख देतात. खालच्या आवाजाला चढवण्याऐवजी त्याला शोभणारे शेजारी निवडायचे, हा मार्ग मला त्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. या तिघांचा सहवास पुढेही चालला. बासरीवादक राकेश चौरसियांना घेऊन केलेल्या ‘ॲज वी स्पीक’ला २०२४मध्ये दोन ग्रॅमी मिळाले.

आपल्याकडे डबल बास ऐकला गेला नाही असं मुळीच नाही. त्याच्याकडे लक्ष गेलं नाही, एवढंच. १९५०-६०च्या दशकांतली हिंदी चित्रपटगीतं ठोक्याला जो मऊ, खोल आधार देतात, त्यात या वाद्याचा वाटा आहे. मुंबईच्या स्टुडिओंत स्वरलिपी वाचून वाजवणारे पुष्कळसे वादक गोव्याचे. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत त्यांनी व्हायोलिन आणि स्वरलिपी गिरवलेली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये मुंबईत आपला सिम्फनी वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मैफल केली, तेव्हा गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पुढे बास गिटार आली आणि स्टुडिओतला डबल बास मागे पडला. गाण्याखाली त्याच्या वादकाचं नाव तेव्हाही नसे. २००६ साली, नॅशव्हिलचं सभागृह उघडलं त्याच वर्षी, मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. २०१५मध्ये झाकिर हुसेन यांचा ‘पेशकार’ हा तबला-कॉन्चेर्टो याच वाद्यवृंदाने पहिल्यांदा वाजवला. बास पुढे ठेवून काही करायला लागणारी माणसं आणि मंच आता इथेही आहेत.

नवा बास-कॉन्चेर्टो प्रत्यक्ष ऐकायला जाणाऱ्यासाठी चार गोष्टी. सुरुवातीला एकलवादकाकडे न पाहता वाद्यवृंद मोजावा : किती व्हायोलिनं वाजत आहेत, पितळी वाद्यं कधी गप्प आहेत, मागच्या ओळीतले बास काय करत आहेत. रचनाकाराने पेच कसा सोडवला ते तिथे दिसतं. वादकाला कधी पोकळ लाकडी चौथऱ्यावर उभं करतात. वाद्याचा टोकाचा दांडा त्यावर टेकला की तो चौथराही वाजतो. दुसरं, हार्मोनिकच्या जागी टाळ्या वाजवाव्याशा वाटतील, वाजवाव्यात; पण त्यानंतर वादक खाली उतरतो तेव्हा काय सांगतो, ते ऐकावं. तिसरं, एकलवादक दोन असतील तर कोण वर आणि कोण खाली हे किती वेळा बदलतं, ते धरावं. एकदाही बदललं नाही तर दुसरा वादक फक्त साथीला आणला आहे. चौथं, शक्य तर सभागृहातच ऐकावं. फोनच्या स्पीकरवर ४१ कंपनं पोहोचतच नाहीत, आणि मग या वाद्याबद्दलचं मत अर्ध्या वाद्याबद्दलचं ठरतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या प्रयोगाच्या रात्री कळत नाही. बास-कॉन्चेर्टोंचा इतिहास पाहिला तर बहुतेक रचना वादकाने स्वतःसाठी लिहिल्या किंवा स्वतःसाठी लिहून घेतल्या. त्यामुळे त्या वादकाच्या हातांना अचूक बसतात आणि त्याच कारणाने त्याच्याबरोबर संपायचा धोकाही असतो. व्हिएन्नाच्या रचना तारा बदलल्या म्हणून गेल्या. बोत्तेसिनीच्या टिकल्या, कारण पुढच्या पिढ्यांनी त्याच्या उंचीवर चढायचं शिकून घेतलं. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेन गेले, आणि ‘द मेलडी ऑफ रिदम’पुढे हाच प्रश्न आता उभा आहे. तीन माणसांच्या मैत्रीतून घडलेली रचना दुसऱ्या तिघांची होऊ शकते का? बासचा भाग शिकणारे तरुण आज पुष्कळ आहेत, तबलजी तर आपल्याकडे घराघरांत तयार होत आहेत. ती पुन्हा वाजायला हवी, आणि जमलं तर मुंबईत, पुण्यात, पणजीत वाजायला हवी. नव्या रचनेच्या पहिल्या प्रयोगाला कौतुक आणि कुतूहल आपोआप मिळतं. ती जगते ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांवर. हे पुस्तक वाचून तशा श्रोत्यांत थोडी भर पडली, तर ते लिहिण्यामागचा हेतू साधला असं मी समजेन.